नगरची पहिली मंडळी आणि आपली वार्षिक सभा

मार्च १८३३ मध्ये अहमदनगर शहरात मराठी ख्रिस्ती लोकांची एक लहानशी मंडळी स्थापन झाली. पाळक अमेरिकन, मंडळीचे वडील म्हणून नेमलेले गृहस्थ ब्राह्मण, आणि सभासदांत बरेचसे शहरातल्या गरीबखान्याच्या आश्रयाला आलेले निराधार लोक. पुढच्याच महिन्यात ते ब्राह्मण वडील पटकीने वारले. दोन महिन्यांच्या आत मंडळीचा कणाच गेला, म्हटलं तरी चालेल. त्या वर्षाअखेरीस कोणी वार्षिक अहवाल लिहायला बसलं असतं, तर जमेच्या बाजूला काय लिहावं असा प्रश्न त्याला नक्की पडला असता.

आपल्या स्मरणिकेत या मंडळीचा इतिहास का, असं कोणी विचारील. आपल्या अक्कलकुव्याहून नगर लांब आहे आणि नातंही थेट नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या बहुतेक जुन्या मंडळ्यांचं मूळ वेगळ्या मिशनांत आहे. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या प्रचारकाने १८९० मध्ये शिकागोत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढलं. त्याचे मिशनरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात उतरले. १९४९ पासून हे मिशन ‘टीम’ या आद्याक्षरांनी ओळखलं जाऊ लागलं. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय १९४२ पासूनचं, तेही याच कामातून उभं राहिलं. नंदुरबारचं एस. ए. मिशन हायस्कूल तर जिल्ह्यातल्या ख्रिस्तेतर घरांतही माहीत आहे. ही आपली जवळची वंशावळ, आणि तिच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

तरीही नगरची मंडळी निवडली, कारण वर्षातून एकदा सगळ्या सभासदांनी मिळून बसायचं, यादी वाचायची, पैशाचा हिशेब सगळ्यांसमोर मांडायचा आणि पुढच्या वर्षी काय करायचं ते बहुमताने ठरवायचं, ही जी रीत आपण पाळतो ती मराठी मुलखात ज्यांनी घोटून घोटून बसवली त्यांत ही मंडळी फार पुढे होती. शिवाय ती आपल्यासारखीच लहान होती. मोठ्या चर्चचा इतिहास वाचून आपल्याला फक्त दडपण येतं. लहान मंडळीच्या इतिहासातून काही उचलता येतं.

मागची हकिकत थोडक्यात सांगतो. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. परत पाठवण्याचे हुकूम निघाले, हे दोघे गुपचूप कोचीनकडे निघाले, तिथून त्यांना परत आणलं. त्याच वर्षी विलायतेत कंपनीची सनद बदलली आणि मिशनऱ्यांना राहू देण्याची वाट मोकळी झाली. पुढच्या तेरा वर्षांत त्यांनी शाळा काढल्या, छापखाना घातला, १८२६ मध्ये मराठी नवा करार छापून पुरा केला. बाप्तिस्मे मात्र अगदी तुरळक. हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिक-त्र्यंबकचा दौरा करून परतताना वाटेतच पटकीने गेले. म्हणजे मंडळी म्हणावी असं काही उभं राहण्याच्या आत पहिल्या पिढीचा मुख्य माणूस संपला होता.

डिसेंबर १८३१ मध्ये ॲलन ग्रेव्ह्ज, विल्यम हर्वी आणि हॉलिस रीड घाट चढून नगरला आले. सहा महिने होत नाहीत तोच, १८३२ च्या मे महिन्यात, हर्वी वारले. पुन्हा पटकीच. रीड यांच्याबरोबर मुंबईहून बाबाजी नावाचे एक ब्राह्मण सद्गृहस्थ आले होते. मिशनऱ्यांना मराठी शिकवता शिकवता ते स्वतः ख्रिस्ती झालेले. नगरात इंग्रज अंमलदारांच्या वर्गणीवर एक गरीबखाना चाले. आंधळे, पांगळे, म्हातारे, ज्यांना कोणी नाही असे लोक तिथे पोटापुरतं धान्य मिळवत. त्याची देखरेख मिशनकडे आली आणि बाबाजी रोज तिथे जाऊन बसू लागले. मार्च १८३३ मध्ये मंडळी बांधली गेली ती मुख्यतः याच माणसांची. रीड पाळक, बाबाजी वडील, दाजीबा नावाचे दुसरे गृहस्थ डिकन.

हे चित्र जरा थांबून बघण्यासारखं आहे. पेशवाई जाऊन पंधरा वर्षं झालेली. ज्या शहरात पाणवठ्यापासून पंगतीपर्यंत प्रत्येकाची जागा ठरलेली, तिथे एक ब्राह्मण गरीबखान्यातल्या माणसांच्या शेजारी बसून एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेतो आहे. धर्म कोणाला पटो न पटो, नगरकरांच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हती. आणि मंडळीच्या दृष्टीनेही नव्हती. तिच्यातले बहुसंख्य लोक दुसऱ्याच्या दानावर जगत होते. असे लोक पाळकाला काय देणार, आणि पाळकाच्या कामाबद्दल त्याला काय विचारणार? खर्च सगळा अमेरिकेतून येत होता, तेव्हा शेवटचा शब्दही तिथलाच असणार. हे कोडं नगरच्या मंडळीला पुढची ऐंशी-नव्वद वर्षं सुटलं नाही, आणि तिच्या साऱ्या वार्षिक सभा फिरून फिरून याच ठिकाणी येत राहिल्या.

बाबाजी एप्रिल १८३३ मध्ये गेले. रीड यांनी त्यांचं चरित्र लिहिलं, ते १८३६ मध्ये न्यूयॉर्कला छापून निघालं. त्यामुळे बाबाजी आज आपल्याला माहीत आहेत. गरीबखान्यातल्या सभासदांची चरित्रं कोणी लिहिली नाहीत. नगरच्या ख्रिस्ती इतिहासाच्या कोणत्याही ओळखीच्या लेखात बाबाजी, मग खिस्ती बंधू, मग मोडक, मग टिळक अशी नावं ओळीने येतात. ही सगळी माणसं मोठीच होती, त्यांनी सोसलंही पुष्कळ. पण ज्यांच्यामुळे ‘मंडळी’ हा शब्द लावता आला ती माणसं आकड्यात गेली. मला हा त्या इतिहासातला सगळ्यात मोठा खळगा वाटतो.

१८३९ मध्ये हरी रामचंद्र खिस्ती आणि त्यांचे बंधू नारायण यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा शहरात गवगवा झाला. त्याच वर्षी सिंथिया फॅरार ही अमेरिकन बाई मुंबईहून नगरला आली आणि मुलींच्या शाळांचं काम तिने हाती घेतलं. ती १८६२ मध्ये वारली, तोवर तिने दुसरं काही केलं नाही. जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा देणाऱ्यांत तिच्या नगरच्या शाळेचा उल्लेख केला आहे, आणि सावित्रीबाईंच्या शिक्षिका म्हणून झालेल्या तयारीशी तिचं नाव जोडलं जातं. मंडळीच्या वार्षिक हिशेबात शाळेचा खर्च म्हणून लिहिलेल्या रकमेचं असं काय काय होतं, ते लिहिणाऱ्याला त्या वर्षी कळत नाही. १८४२ मध्ये नगरलाच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं. तेही याच लहान मंडळीच्या अवतीभवतीचं काम. हेन्री बॅलंटाईन यांनी मराठीत गीतं रचली, संग्रह केले, आणि मंडळीला गायला काही मिळालं.

१८४० नंतर मात्र कामाचा लंबक शहरातून खेड्यांकडे गेला. राहुरी, वडाळे, खोकर, चांदे, शिरूर या बाजूंनी महार आणि मांग वस्त्यांत एकेक घर, मग त्याचे सोयरे, मग सोयऱ्यांचे सोयरे, असं लोण गेलं. नात्यागोत्यातून पसरलेली मंडळी म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगायला नको. एका पाड्यावरचं घर आलं की दुसऱ्या पाड्यावरची मेहुणी येते, आणि एक घर रुसलं की चार घरं बसायची बंद होतात. नगरकडेही यापेक्षा वेगळं नव्हतं.

मग आलं १८५४. हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन स्वतः हिंदुस्थानात पाहणीला आले. त्यांचं म्हणणं रोखठोक होतं. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा आणि स्वतःची वाढ स्वतः करावी. त्यांच्या भेटीच्या सुमारासच, डिसेंबर १८५४ मध्ये, हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. नगरची मंडळी पहिल्यांदा मराठी पाळकांच्या हाती आली. स्थापनेनंतर एकवीस वर्षांनी.

अँडरसनसाहेबांचं सगळंच बरोबर होतं असं मात्र नाही. याच दौऱ्यात त्यांनी इंग्रजी शाळांवर कुऱ्हाड चालवली. मंडळीला मराठी पुरे, असं त्यांचं मत. जे लोक शतकानुशतकं शिक्षणाबाहेर होते त्यांना सरकारी नोकरीची वाट दाखवणारी भाषा त्यांनी ‘अनावश्यक’ ठरवली. पुढे मिशनलाच हे सुधारावं लागलं, नगरला हायस्कूल उभं राहिलं, आणि १९४७ मध्ये भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं तेव्हा ते वर्तुळ पुरं झालं. पण मधल्या पिढीचं जे गेलं ते गेलं. पुढच्या वर्षाचं नियोजन करताना बाहेरून आलेल्या तज्ज्ञाचं किती ऐकावं, याला हा चांगला दाखला आहे. अँडरसनसाहेबांची तीन तत्त्वं घ्यावीत आणि शाळेबद्दलचं मत सोडून द्यावं.

स्वतःचा खर्च उचलायचा ठरला तेव्हा खरी ओढाताण सुरू झाली. खेड्यातल्या मंडळीत रोख पैसा असणारं घर विरळा. वतनाचं काम करणारा, दुसऱ्याच्या शेतात राबणारा माणूस देणार तो दाणा, अंडी, एखादी कोंबडी. कापणीच्या सणाला जे येईल त्याचा लिलाव करायचा आणि रक्कम खजिनदाराने लिहून घ्यायची, ही पद्धत आजही महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक मंडळीत आहे, आपल्याकडेही आहे. फरक इतकाच की नगरकडे बाजरीची कणसं आणि मेथीच्या जुड्या पुढे येतात, आणि आपल्याकडे तूर, मका, सीताफळं आणि घरी वाळवलेल्या आमचूरची पोती. लिलावात एकच भोपळा तीनदा विकला जातो, घेणारा तो परत टेबलावर ठेवतो, आणि पोरं हसून लोळतात. त्या हसण्यात पाळकाचा एका महिन्याचा पगार निघतो. हे ज्याने पाहिलं नाही त्याला स्वावलंबन म्हणजे फक्त ठरावातलं वाक्य वाटेल.

उपदेशाची तऱ्हाही लोकांनी आपली करून घेतली. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. झांजा, मृदंग, पूर्वरंग, आख्यान, सगळा थाट देशी. रात्रभर लोक बसत. ख्रिस्ती नसलेलेही बसत. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर नगरला राहिले, आणि त्यांनी भक्तिगीतांचं जे भांडार दिलं त्यावर मराठी मंडळ्या अजून गातात. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने टिळकांची दुसरी गोष्ट महत्त्वाची. त्यांनी मिशनचा पगार सोडला. आयुष्याच्या अखेरीस ‘देवाचा दरबार’ काढून ते मिशनच्या चौकटीबाहेरही पडले. घर चालवायचं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आलं, आणि ते कसं चाललं हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. १८३३ साली गरीबखान्यात उभा राहिलेला प्रश्न टिळकांनी आपल्यापुरता सोडवला, आणि किंमत घरच्यांनी मोजली. मंडळीने एकत्र बसून सोडवायचा प्रश्न एका माणसाने एकट्याने अंगावर घेतला की असं होतं.

दुष्काळांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या झपाट्याने वाढल्या, आणि १८९९-१९०० च्या छप्पन्या दुष्काळात अनाथ पोरांनी मिशनची वसतिगृहं भरली. ‘पोटासाठी आले’ हा टोमणा तेव्हापासूनचा, आणि तो आपल्यालाही ऐकावा लागतो. माझं मत असं की तो टोमणा पहिल्या पिढीला लागू पडला तरी त्यात लाजण्यासारखं काही नाही. भुकेल्या माणसाने जेवण देणाऱ्याचा दरवाजा ठोठावला, एवढंच. नंतरच्या चार पिढ्या काही भाकरीसाठी टिकल्या नाहीत.

विसाव्या शतकातलं थोडक्यात. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी नगरला दीर्घकाळ काम केलं, त्यांच्या नावाचं चर्च शहरात आहे. १९२४ मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या एक झाल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सी.एन.आय., स्थापन झाली. बिशपांची व्यवस्था आली. ज्यांना आपली वार्षिक सभाच सर्वोच्च वाटत होती त्यांच्यातल्या सगळ्यांना हे रुचलं नाही, आणि नगरच्या परिसरातल्या काही मंडळ्या वेगळ्या राहिल्या. मालमत्तेचे वाद त्यातून निघाले, ते इथे उगाळत नाही. २०२४ मध्ये शहराचं नावही अहिल्यानगर झालं.

आता आपल्याकडे वळू. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत इथे शंभरात एकोणसत्तर माणसं आदिवासी निघाली. अक्कलकुवा तालुका म्हणजे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरचा बाजार, आणि मोलगीच्या घाटावर गेलं की सातपुड्याचे पाडे. इथली मंडळी म्हणजे थोडी घरं, त्यांतली निम्मी रस्त्याच्या गावात आणि निम्मी डोंगरात. दिवाळी झाली की यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत, बारडोली-सुरतेकडे जातात. नाताळच्या उपासनेला बाकं रिकामी दिसतात ती लोकांचा विश्वास आटला म्हणून नाही. लोक उसाच्या फडात असतात म्हणून. वर्षाअखेरच्या अहवालात ‘उपस्थिती घटली’ असं लिहिणाऱ्या चिटणिसाने हे कारण त्याच ओळीत लिहायला हवं, नाहीतर पन्नास वर्षांनी वाचणारा भलताच निष्कर्ष काढील.

यातून पहिली सूचना अशी, की आपली वार्षिक सभा डिसेंबर-जानेवारीत घेण्याचा हट्ट सोडावा. होळीला तोडीवरचा माणूस घरी येतो. काठीच्या राजवाडी होळीला सगळा डोंगर खाली उतरतो, हे आपल्या ख्रिस्ती घरांनाही ठाऊक आहे, कारण त्या आठवड्यात आपलेही पाहुणे घरी असतात. सभा त्या आठवड्यातल्या रविवारी ठेवली तर हिशेब ऐकायला, हात वर करायला आणि प्रश्न विचारायला माणसं असतील. तोडीवर गेलेल्यांच्या गैरहजेरीत त्यांच्या वर्गणीचा दर ठरवणं हे १८५४ च्या आधीच्या नगरसारखं आहे. खर्च आणि निर्णय वेगवेगळ्या ठिकाणी.

दुसरं भाषेचं. घरात वसावी बोली, बाजारात गुजराती-हिंदी, शाळेत मराठी, अशी आपल्या पोरांची वाटणी आहे. रविवार शाळेत पुस्तक मराठीच असू द्या, पण गोष्ट सांगताना वसावीत सांगायला मोकळीक असावी. कीर्तनकार सांगळ्यांनी केलं ते हेच. ऐकणाऱ्याच्या अंगणातलं वाद्य उचललं.

तिसरं पैशाचं, आणि ते कटू आहे. मंडळीचा पाळक वर्षातले काही महिने वर्गणीवर, काही महिने बाहेरून येणाऱ्या मदतीवर जगतो. मदत थांबेल तेव्हा काय, याचा ठराव एकाही वर्षी होत नाही. या वर्षी तो व्हावा. रक्कम लहान असली तरी चालेल, लिलावातल्या तुरीवर उभी असली तरी चालेल, पण ती आपल्या वहीत आपल्या हाताने लिहिलेली असावी.

आणि शेवटची विनंती चिटणीस, खजिनदार आणि ज्यांच्या घरात जुन्या वह्या पडल्या आहेत त्या सगळ्यांना. नगरच्या पहिल्या मंडळीतल्या गरीबखान्याच्या माणसांची नावं आज कोणी घेत नाही, बाबाजींचं घेतात. आपल्या अहवालात ‘एकूण सभासद इतके, तोडीवर गेलेले इतके’ एवढंच लिहून थांबू नका. प्रत्येकाचं नाव, पाडा, बाप्तिस्म्याचं साल, आणि गेलेला असेल तर कोणत्या गावी गेला, हे लिहा. बायकांची नावं ‘अमक्याची पत्नी’ म्हणून नकोत, त्यांची त्यांची लिहा. वह्यांना वाळवी लागण्याआधी झेरॉक्स काढून एक प्रत पाळकाकडे आणि एक महिला मंडळाकडे द्या. पुढच्या होळीच्या सभेत आधी ही यादी वाचली जावी, हिशेब त्यानंतर.